उड्या मारणाऱ्या बुटक्या कुत्र्याची पाठ आणि सांधे कसे जपायचे?

रानवारा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाची डॅशुंड आहे, चिंगी. वजन सात किलोच्या आत, पण दम असा की घरातली सगळी माणसं थकतात आणि ही तयारच. सोफ्यावर उडी, सोफ्यावरून उडी. दारात कुणी आलं की मागच्या दोन पायांवर उभं राहून नाच. बॉल दिसला की हवेतच गिरकी.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तपासलं, सगळं छान आहे म्हणाले आणि निघताना एवढंच सांगितलं, "हिची पाठ जपा." तेव्हापासून ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. काहीजण म्हणतात, एकही उडी मारू देऊ नका, जिन्यावर तर पाऊलच नको, उचलूनच न्या. काहीजण म्हणतात, कुत्र्याला कुत्र्यासारखं जगू द्या, धावल्यानेच अंग मजबूत होतं.

मला तिचा उत्साह मारायचा नाहीये. पण चार वर्षांनी तिचे मागचे पाय लुळे पडावेत असंही काही करायचं नाहीये. ज्यांच्याकडे छोटी, चपळ कुत्री आहेत त्यांनी सांगा: उडी खरंच किती वाईट? रॅम्प वापरता का? जिने, बॉल, सांध्यांच्या गोळ्या यांचं काय करता? पाठीचं दुखणं सुरू झालंय हे ओळखायचं कसं?

शेपूट
चांगला धागा. वाचतोय. आमच्या बीगलसाठीही हवंच आहे हे.

पाऊलवाट
रॅम्प घ्या, डोळे झाकून घ्या. आमच्या दोन्ही कुत्र्यांना सोफ्याला एक आणि पलंगाला एक आहे. पण बाजारातले बरेचसे रॅम्प फार उभे असतात. कुत्रं एकदा घसरलं की परत त्यावर पाय ठेवत नाही. जेवढी उंची त्याच्या निदान तिप्पट लांबी धरा. पलंग ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प १३५ सेंटिमीटर तरी हवा. वरचा पृष्ठभाग खरखरीत हवा, गालिचा चिकटवला तरी चालतो. आणि पाय ठेवल्यावर रॅम्प हलता कामा नये.

शिकवायची पद्धत: आधी रॅम्प जमिनीवर सपाट टाका आणि त्यावर चालल्याबद्दल खाऊ द्या. मग एका टोकाखाली जाड पुस्तक. मग दोन. सोफ्याला सगळ्यात शेवटी लावा. आणि सोफ्याच्या बाकीच्या बाजूंना उशा किंवा खुर्च्या लावून उडीची जागाच बंद करा. हे केलं नाही तर कुत्रं रॅम्पने चढतं आणि उतरताना बाजूनेच उडी मारतं. उतरतानाच जास्त दणका बसतो.

चकवा
आमचा जॅक रसेल रॅम्पवरून धावत येतो आणि शेवटच्या टोकावरून झेप घेतो. आधी सोफ्याएवढी उडी होती, आता लांब उडी झालीये :)

पाऊलवाट
@चकवा, पट्टा लावून सावकाश चालवा, दरवेळी, काही दिवस. खाऊ वर नाही, रॅम्प उतरून खाली चारही पाय टेकल्यावर द्यायचा. जॅक रसेलसुद्धा शिकतो.

कडेकपारी
माझं मत थोडं वेगळं आहे. उड्या बंद, जिने बंद, धावणं बंद असं करत गेलं की कुत्र्याचे पाठीचे आणि पोटाचे स्नायू बारीक होत जातात. मग एक दिवस मांजर दिसली की ते बंद खोलीतलं कुत्रं सुसाट सुटतं आणि तेव्हाच काहीतरी मोडतं. कण्याला धरून ठेवतात ते स्नायू. ते चालण्याने, पळण्याने, चढ चढण्यानेच बनतात.

हे नुसतं मत नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये डॅशुंड पाळणाऱ्यांचं मोठं सर्वेक्षण झालं होतं, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती होती त्यात. रोज तासाभरापेक्षा जास्त व्यायाम होणाऱ्या कुत्र्यांमध्ये मणक्याच्या चकतीचा त्रास कमी आढळला. आणि ज्यांना सोफ्यावर उड्या मारायला मोकळीक होती त्यांच्यातही कमी आढळला. त्यामुळे रानवारा, चिंगीला भरपूर चालवा आणि तिला कैदेत ठेवू नका एवढंच म्हणेन.

जुनं खोड
@कडेकपारी, सर्वेक्षण बरोबर सांगितलंत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष जपून काढावा लागेल. ज्या कुत्र्याची पाठ एकदा धरली, त्याचे मालक त्याला उड्या मारू देतील का? नाही. त्याला कमीच चालवतील. म्हणजे "उडी मारत नाही" हे दुखण्याचं कारण नसून परिणाम असू शकतो. त्याच सर्वेक्षणात ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे सांध्यांसाठी देतात त्या गोळ्या मिळणाऱ्या कुत्र्यांमध्ये त्रास जास्त दिसला होता. मग गोळ्यांनी पाठ बिघडते असं म्हणायचं का? ज्यांची पाठ आधीच दुखत होती त्यांनाच गोळ्या सुरू झाल्या असणार.

व्यायामाच्या मुद्द्याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन. उडीला नाही.

कडेकपारी
मान्य, गोळ्यांचा मुद्दा लक्षात नव्हता आला. तरीही उडी हाच शत्रू समजून बाकी सगळं सोडून देणाऱ्यांची मला काळजी वाटते. घरात रॅम्प आहे, पण कुत्रं पिंपासारखं झालंय अशी घरं मी पाहिली आहेत.

तळहात
मी पशुवैद्य आहे, लहान प्राण्यांवरच काम करते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आत काय घडतं ते सांगते, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते स्पष्ट होईल.

दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंचं कडं. डॅशुंड, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग, बीगल, शिह त्झू, कॉर्गी, कॉकर स्पॅनियल अशा जातींमध्ये हा गर लहान वयातच सुकायला लागतो, बऱ्याचदा वर्षाच्या आतच. पुढे त्यात कॅल्शियम साचतं आणि तो कडक होतो. मग धक्के शोषण्याचं काम त्याला जमत नाही. भोवतीच्या कड्यावर ताण येतो आणि एक दिवस ते फाटून आतला गर वर, मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. ही जागा बहुतेक वेळा छाती संपून कंबर सुरू होते तिथे असते, कारण फासळ्यांनी धरलेला ताठ भाग आणि लवचिक कंबर तिथे एकत्र येतात.

याचं मूळ आनुवंशिक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की एफजीएफ४ या जनुकाची एक जास्तीची प्रत १२व्या गुणसूत्रावर बसलेली असते आणि तिचा या दुखण्याशी संबंध आहे. डॅशुंडमध्ये ती जवळपास सगळ्यांमध्येच सापडते. म्हणून उडी हे बहुतेक वेळा शेवटचं निमित्त असतं. कित्येक कुत्री माझ्याकडे येतात ती नुसती झोपेतून उठताना ओरडलेली असतात.

पण निमित्त टाळता येत असेल तर टाळावं. विशेषतः उंचावरून खाली उतरणं आणि हवेत अंग पिळून उतरणं. दिवसातून वीस-तीस वेळा होणारी सोफ्याची उडी रॅम्पने वाचत असेल तर वाचवा. बागेत पळताना एखादी फांदी ओलांडली तर त्यासाठी जीव टांगणीला लावू नका.

उनाड
डॉक्टर, आमच्याकडे पॉमेरेनियन आहे, गुंडू. पाठीचं काही नाही, पण पळता पळता मध्येच मागचा एक पाय वर उचलून लंगडी घालतो, आणि चार उड्यांनंतर परत नीट पळतो. दुखतंय असं वाटत नाही. हे काय असावं?

तळहात
@उनाड, वर्णनावरून गुडघ्याची वाटी सरकत असावी, पण हाताने तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल यांच्यात हे खूप दिसतं. वाटी बहुधा आतल्या बाजूला घसरते. कुत्रं पाय झटकतं, वाटी जागेवर बसते आणि ते पुढे निघतं.

याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि लगेच परत येते. दुसरीत आपोआप सरकते, आपोआप बसते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवता येते. चौथीत बसतच नाही. पहिल्या पायरीला आणि बऱ्याचदा दुसऱ्या पायरीलाही वजन, स्नायू आणि नियमित तपासणी यावर भागतं. त्यापुढे किंवा सारखा लंगडत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. वाटी सारखी सरकत राहिली तर कूर्चा झिजते आणि गुडघ्यातला मुख्य स्नायुबंध तुटण्याचाही धोका वाढतो. म्हणून "आपोआप बरं होतंय" म्हणून सोडून देऊ नका, एकदा दाखवा.

तपासणीला जाताना त्याच्या लंगडीचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात भीतीने सगळी कुत्री सरळ चालतात.

उनाड
व्हिडिओची सूचना लाखमोलाची. खूप आभार.

मृगजळ
सगळे रॅम्प आणि उडीवर बोलताहेत, मला वजनावर लिहायचंय, कारण माझ्या मते छोट्या कुत्र्यासाठी त्याहून मोठी गोष्ट नाही.

पाच किलोच्या कुत्र्यावर अर्धा किलो चढलं तर ते दहा टक्के होतात. साठ किलोच्या माणसाने सहा किलोचं ओझं पाठीला बांधून दिवसभर पळावं तसं. आणि हा अर्धा किलो केसांखाली दिसतसुद्धा नाही. म्हणून हात फिरवून बघायचं: फासळ्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, पण उठून दिसता कामा नयेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे, बाजूने पाहिलं तर पोट वर ओढलेलं. पशुवैद्य १ ते ९ असं मोजमाप वापरतात, त्यात ४ ते ५ हवं.

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर १४ वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, निकाल २००२ मध्ये आले. भावंडांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. सडपातळ कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीवरचे उपचारही बरेच उशिरा लागले. लॅब्रॅडॉर मोठी जात आहे हे खरं, पण सांध्यावरचा भार सगळ्यांना सारखाच नियम लावतो.

आमच्या घरात खरी अडचण अशी होती की प्रत्येकजण आपापला एकेक तुकडा देत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं आपणच तेवढे देतोय. शेवटी दिवसाचं सगळं खाणं सकाळी वजन करून एका डब्यात काढायला लागलो. शिकवण्याचा खाऊ, लाडाचा खाऊ, सगळं त्यातूनच. डबा रिकामा झाला की दुकान बंद. वाटीने किंवा अंदाजाने मोजू नका. छोट्या कुत्र्याला पाच-दहा ग्रॅमनेसुद्धा फरक पडतो.

शेपूट
डब्याची कल्पना आजपासून. आमच्या बीगलला मात्र डबा कुठे ठेवलाय ते आधी कळणार.

सांजसावली
फरशीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. गुळगुळीत फरशीवर कुत्रं वळताना मागचे पाय फाकतात. गुडघे, खुबे आणि कंबर तिन्हींवर ताण येतो. जिथून ते नेहमी पळतं, म्हणजे दार, जेवणाचं भांडं, सोफ्याची खालची जागा, तिथे न सरकणारी चटई घाला. अख्खं घर झाकायची गरज नाही, त्याचे रस्ते बघा आणि तेवढेच झाका.

आणि नखं! उभं असताना नखं जमिनीला टेकत असतील तर कुत्रं वजन मागे टाकून उभं राहतं आणि पकडही जाते. फरशीवर टकटक आवाज यायला लागला की कापायची वेळ झाली. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापा, लांब केसांच्या कुत्र्यांचे पाय त्यानेच घसरतात.

रानवारा
केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. चटईचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि चिंगीची नखं टकटक वाजतात हे खरं आहे.

दोन गोष्टी अजून. एक, उचलायचं कसं? मुलं तिला पुढच्या पायांखाली हात घालून उचलतात आणि ती लोंबकळते. दुसरी, बॉल. तो बंद केला तर ती मला माफ करणार नाही.

पाऊलवाट
उचलण्याचं मी सांगतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या वर पार्श्वभागाखाली, आणि पाठ जमिनीला समांतर ठेवून आपल्या अंगाशी धरायचं. खाली ठेवतानाही चारही पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही. शेवटच्या फुटावरून ती निसटून उडी मारतात. लहान मुलांना सरळ सांगा, जमिनीवर बसून मांडीत घ्या, उचलायचं नाही.

आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. ओढणाऱ्या कुत्र्याच्या मानेवरचा ताण वाचतो. मानेतही चकत्या असतातच, शिवाय छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते.

चकवा
बॉलवर माझा हक्क आहे, कारण आमच्याकडे बॉलचा व्यसनी आहे. बॉल बंद केला नाही, टाकायची पद्धत बदलली. उंच उडवत नाही. जमिनीलगत घरंगळत सोडतो, तोही गवतावर किंवा मातीवर. थांबल्यावर मगच त्याला सोडतो, म्हणजे करकचून ब्रेक लावून गिरकी मारावी लागत नाही. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं साधं चालणं, मग बॉल, तोही थोडाच, आणि शेवटी परत चालणं. लेझरचा ठिपका मात्र अजिबात नको. त्यामागे कुत्रं वेड्यासारखं वळतं आणि हाती काहीच लागत नाही म्हणून थांबतही नाही.

खरी जादू वासाच्या खेळात आहे. जेवणाचे दाणे गवतात विखरून टाकायचे, किंवा गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये लपवायचे, किंवा घरात खाऊ लपवून "शोध" म्हणायचं. पंधरा मिनिटं नाकाने काम केलं की आमचा राक्षस जेवढा शांत झोपतो तेवढा तासभर बॉल खेळूनही झोपत नव्हता. उलट बॉलने तो अजून चेकाळायचा.

जुनं खोड
चकवा यांना अनुमोदन. डॅशुंड तर जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी तयार केलेली जात आहे. नाक, उकरणं आणि चिकाटी ही तिची खरी कामं, उंच झेप नाही. चिंगीला एका खोक्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरून त्यात खाऊ टाकून द्या आणि बघा.

मृगजळ
अवांतर: आमची उकरून उकरून गादीच्या आत शिरली होती. शेपूट तेवढी बाहेर.

जुनं खोड
@मृगजळ, म्हणूनच खोकं म्हटलं, गादी नाही :)

हिरवळ
पाठीचं दुखणं ओळखायचं कसं, या प्रश्नावर मी लिहू शकते, कारण आम्ही त्यातून गेलो आहोत. आमचा पेकिनीज, बंड्या, तेव्हा पाच वर्षांचा होता.

आधी काही दिवस तो नुसता गप्प होता. खाली ठेवलेल्या भांड्यातलं खात होता, पण मान वर करून आमच्याकडे बघत नव्हता. सोफ्यापाशी येऊन उभा राहायचा, पुढचे पाय उचलायचा आणि परत ठेवायचा. अंग झटकणं बंद झालं होतं. पाठ कमानीसारखी आणि पोट हाताला लाकडासारखं घट्ट. उचलताना एकदा किंचाळला. डॉक्टरांनी औषध देऊन सक्त विश्रांती सांगितली होती. ती चालू असतानाच एका संध्याकाळी पाहिलं तर मागून झोकांड्या जात होत्या आणि एक पंजा उलटा टेकत होता, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला घासत होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात नेलं. सकाळपर्यंत मागचे दोन्ही पाय गेले होते. एमआरआय, शस्त्रक्रिया, सगळं दोन दिवसांत.

त्यानंतरचे आठवडे कठीण होते. लघवी आपोआप होत नव्हती, मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायला शिकावं लागलं. पिंजऱ्यात विश्रांती, पोटाखाली पट्ट्याचा आधार देऊन चालवणं, पायांचे हलके व्यायाम. आज तो चालतो. थोडा तिरका चालतो, पण चालतो, आणि दारावर भुंकायला सगळ्यात आधी पोचतो.

हे लिहिताना अजूनही हात थरथरतो. उलटा पंजा दिसला तर उद्याची वाट बघू नका, एवढंच माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं.

श्रावणसर
हिरवळ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. बंड्याला खूप प्रेम.

तळहात
हिरवळ, तुम्ही वेळेत नेलंत म्हणून तो चालतोय. सगळ्यांसाठी थोडं जोडते.

या दुखण्याच्या पाच पायऱ्या असतात. नुसती वेदना. चालतोय पण झोक जातो. पाय हलतात पण उभं राहता येत नाही. पाय हलतच नाहीत, पण बोट जोरात चिमटलं तर कळतं. आणि शेवटची, ज्यात खोल वेदनाही कळत नाही. चौथ्या पायरीपर्यंत शस्त्रक्रिया झाली तर दहातली साधारण नऊ कुत्री परत चालतात. पाचव्या पायरीला ते प्रमाण निम्म्यावर येतं. आणि एका पायरीवरून दुसरीवर घसरायला कधी काही तासच लागतात. म्हणून झोक जाणं, उलटा पंजा, नखं घासत चालणं, लघवी तुंबणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. नेताना फळीवर किंवा ताठ तळाच्या टोपलीत आडवं ठेवून न्या, पाठ वाकू देऊ नका.

पहिल्या-दुसऱ्या पायरीची कित्येक कुत्री शस्त्रक्रियेविना बरी होतात, पण त्यासाठी निदान ४ आठवडे खरीखुरी विश्रांती लागते: छोटा पिंजरा किंवा कुंपण, लघवीपुरतं पट्ट्यावर बाहेर, बस. वेदनाशामकाने दोन दिवसांत कुत्रं टुणटुणीत दिसतं आणि घरचे त्याला मोकळं सोडतात. फाटलेलं कडं तोवर भरलेलं नसतं. वेदना गेली म्हणून पिंजरा उघडू नका.

आणि हात जोडून विनंती: माणसांची वेदनाशामकं देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एवढ्याशा कुत्र्याला एक गोळीही फार मोठी मात्रा होते. घरात आधीची स्टेरॉइडची गोळी शिल्लक असेल तर तीही स्वतःहून नको. स्टेरॉइड आणि सूज कमी करणारं वेदनाशामक एकत्र गेलं तर आतडं फाटण्यापर्यंत वेळ येते.

नवखा
आमच्याकडे चार महिन्यांचं शिह त्झू पिल्लू आहे. पिल्लाला दर महिन्याच्या वयामागे पाचच मिनिटं चालवायचं असा नियम वाचला. खरा आहे का? आणि जिने?

तळहात
@नवखा, पाच मिनिटांच्या नियमामागे ठोस अभ्यास नाही. मऊ जमिनीवर, स्वतःच्या मनाने पळणं, थांबणं, हुंगणं, लोळणं हे पिल्लाला चांगलंच. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर अभ्यास झाला होता. त्यात तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढणाऱ्यांना पुढे खुब्याचा विकार जास्त झाला आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं पळणाऱ्यांना कमी. पिल्लू दमलं की बसू द्या. नको आहे ते असं: पट्ट्याने ओढत लांब चालवणं, तोच बॉल पन्नासदा, उंचावरून उड्या. छोट्या जातींची हाडं वाढायची साधारण ८ ते १० महिन्यांत थांबतात, तोवर विशेष जपा. जिन्यांवर तूर्त उचलून न्या.

वर्षाच्या आतलं छोट्या जातीचं पिल्लू एका मागच्या पायाने सतत लंगडत असेल आणि मांडी बारीक होत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडून तो झिजण्याचा एक आजार याच वयात येतो.

उनाड
नसबंदीचाही सांध्यांशी संबंध आहे म्हणतात?

तळहात
डॅशुंडमध्ये १२ महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्यांना चकतीचा त्रास जास्त आढळलाय. संप्रेरकांमुळेच तो वाढतो हे सिद्ध झालेलं नाही, पण पाठीचा धोका असलेल्या जातीत मी तरी वाढ पूर्ण झाल्यावर करा असं सुचवते. प्रत्येक कुत्र्याची गोष्ट वेगळी असते, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

सांजसावली
गोळ्यांचा प्रश्न राहिला. आमच्या म्हाताऱ्या पूडलला दोन वर्षं ग्लुकोसामाइन दिलं, फरक जाणवला नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा ३ ने सकाळचा ताठरपणा थोडा कमी झाला असं वाटतं.

तळहात
सांधेदुखीसाठी ओमेगा ३ चे पुरावे ग्लुकोसामाइनपेक्षा बरे आहेत. मात्रा विचारून घ्या, कारण तेलातही उष्मांक असतात आणि जास्त झालं तर जुलाब होतात. मात्र चकती कडक होणं कुठल्याच गोळीने थांबत नाही.

म्हाताऱ्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांसाठी पाण्यातली ट्रेडमिल मिळाली तर उत्तम. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर एरवीच्या साधारण ४० टक्केच भार येतो, त्यामुळे दुखणाऱ्या सांध्यांनाही व्यायाम मिळतो.

कडेकपारी
घरच्या घरी स्नायू बनवायचे असतील तर आम्ही करतो ते सांगतो. "बस" आणि "उठ" सावकाश, चटईवर, पाच-सहा वेळा. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्यांमधून पाऊल उचलत चालणं, काठी घोट्यापेक्षा उंच नाही. हळू चालीने चढ चढणं. पुढचे दोन पाय जाड उशीवर ठेवून काही क्षण स्थिर उभं राहणं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. कुत्र्याला तो खेळच वाटतो. आधीच दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

रानवारा
धागा काढला तेव्हा वाटलं होतं की उडी मारू द्यायची की नाही एवढंच उत्तर मिळेल. आता घरात बोलून असं ठरलंय: सोफ्याला लांब रॅम्प आणि बाजू बंद, दारापासून सोफ्यापर्यंत चटई, नखं, डबा पद्धत, बॉल जमिनीलगत. आणि चालणं कमी नाही, उलट सकाळचं वाढवणार आहोत. "एकही उडी नको" म्हणणाऱ्यांचं मी निम्मं ऐकतेय आणि "कुत्र्यासारखं जगू द्या" म्हणणाऱ्यांचंही निम्मं. उलट्या पंजाचं वर्णन घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, मुलांनाही.

एकच राहिलं. दारात पाहुणे आले की मागच्या पायांवरचा नाच कसा थांबवू? पाहुण्यांनाच तो आवडतो.

पाऊलवाट
पाहुण्यांनाच काम द्या. आत आल्याबरोबर गुडघ्यावर बसायचं आणि चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा. आणि दाराशेजारी तिच्या दाण्यांची बरणी ठेवा. बेल वाजली की मूठभर दाणे चटईवर टाकायचे. नाक खाली गेलं की पाय आपोआप खाली येतात. दाणे डब्यातलेच, जास्तीचे नाहीत.

रानवारा
हे आजच संध्याकाळी करून बघते, पाहुणे येणारच आहेत. रॅम्प बसला की फोटो टाकते.

चकवा
फोटोत शेवटच्या टोकावरून झेप दिसली तर मला हाक मारा, तोवर आमच्याकडे पट्टा लावून सराव सुरू झालाय.